संगणकाविरुद्ध बुद्धिबळ: पट बंद करून खेळायला कसं शिकावं

मोबाइलवरच्या बुद्धिबळात पातळी एकेक करून वाढवत नेली की एक टप्पा असा येतो, जिथून पुढे सगळे डाव सारखेच हरले जातात. पंधरा-वीस चाली सगळं सुरळीत असतं. मग मध्यभागी एक प्यादं मारलं जातं, आपण ते परत मारतो, मारामारी वाढत जाते आणि ती थांबते तेव्हा आपला एक घोडा कमी असतो. नवखा खेळाडू म्हणतो, मला अजून डावपेच जमत नाहीत. तो रोज पन्नास कोडी सोडवतो आणि पुन्हा तसाच हरतो.

कोडी सोडवाच, पण चूक त्याच्या बऱ्याच आधी झालेली असते. ज्या खेळात समोरचा कधी चुकत नाही, तोच खेळ आपण स्वतःहून पटावर मांडलेला असतो. संगणकाला हरवणाऱ्या माणसांनी पाव शतकाहून जास्त काळ नेमकं हेच टाळलं. ते टाळायचं म्हणजे पट बंद ठेवायचा: प्यादी एकमेकांना अडवून उभी राहतात आणि मारामारीला जागा उरत नाही. हे कसं करायचं, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो. मोहरी कशी चालतात, किल्लेकोट म्हणजे काय आणि पटावरची घरं कशी वाचायची (राजासमोरून दोन घरं सरकलेलं पांढरं प्यादं ई४ वर असतं), एवढं येत असेल तर पुरे.

आधी समोर कोण आहे ते ठरवा

संगणक म्हणजे एकच खेळाडू नव्हे. या लेखातल्या युक्त्या जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमवर चालतात, म्हणजे ज्याला माणसांनी लिहून दिलेल्या नियमांनी पटाची किंमत काढायला शिकवलं आहे त्याच्यावर. ग्नू चेस आणि क्राफ्टी हे असे प्रोग्रॅम. स्टॉकफिशही २०२० च्या जानेवारीत आलेल्या अकराव्या आवृत्तीपर्यंत असाच होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बारावी आवृत्ती आली. तिच्यात न्यूरल नेटवर्क (लिहून दिलेल्या नियमांऐवजी उदाहरणांवरून शिकणारी यंत्रणा) बसवलं गेलं आणि बंद पटाची त्याची समज एकदम वाढली. म्हणून सरावासाठी स्टॉकफिश ११ किंवा ग्नू चेस घ्या, ते पडद्यावर पट दाखवणाऱ्या एरिनासारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये जोडा आणि शोधाची खोली ८ वर बांधून ठेवा. ही ८ म्हणजे अर्ध्या चाली. तो चार चाली स्वतःच्या आणि चार तुमच्या बघेल, आणि मारामारी सुरू असेल तर तेवढ्यापुरता आणखी पुढे जाईल.

अ‍ॅपमधल्या ‘सोप्या’ पातळ्यांचं गणित वेगळं आहे. तिथे बलवान प्रोग्रॅमला मुद्दाम अधूनमधून वाईट चाल निवडायला लावलेलं असतं. मधल्या चाली मात्र तो उत्तमच खेळतो. अशा पातळीला हरवायला धोरण लागत नाही. आपलं मोहरं फुकट देऊ नये आणि त्याची ती एक चूक होईपर्यंत दम धरावा, एवढंच. त्यातून जिंकायची सवय लागते, पण बुद्धिबळ फारसं शिकून होत नाही असं माझं मत आहे. उलट खोली बांधलेला प्रोग्रॅम प्रामाणिक असतो. जेवढं दिसतं तेवढं तो अचूक खेळतो, आणि जे दिसत नाही ते त्याच्यापुरतं नसतंच.

तो काय बघतो आणि काय बघत नाही

मधल्या डावात एका बाजूला साधारण तीसेक चाली शक्य असतात. त्या प्रत्येकीला समोरून तीसेक उत्तरं. म्हणजे एकेका चालीनंतरच नऊशे पट, दोन-दोन चालींनंतर आठ लाखांच्या वर. प्रोग्रॅम यातल्या निरुपयोगी फांद्या छाटतो, उरलेल्या टोकापर्यंत बघतो आणि टोकाच्या पटाला एक आकडा देतो. कोणाकडे किती मोहरी, राजा किती सुरक्षित, हत्तीला मोकळा स्तंभ मिळाला का, अशा गोष्टींची ती बेरीज असते. ज्या फांदीचा आकडा चांगला, ती चाल तो खेळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पट उघडा असेल, मारामारी असेल, शह असतील, तर चार चालींत आकडा खूप बदलतो. तो बदल त्याला दिसतो आणि आपल्याला दिसत नाही. पण पट बंद असेल आणि खरा फरक पंधरा चालींनी पडणार असेल, तर त्याच्या सगळ्या फांद्यांच्या टोकांना जवळजवळ सारखाच आकडा येतो. मग कोणतीही चाल त्याला तितकीच बरी वाटते. उंट डी६ वर न्या, पुन्हा ई७ वर आणा, त्याला फरक पडत नाही. तुम्हाला मात्र कुठे जायचं आहे ते माहीत असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे क्षितिज. समजा त्याचं मोहरं पाच चालींनी नक्की जाणार आहे आणि त्याला चारच चाली दिसतात. मध्येच एखादं प्यादं फेकून, एखादा बिनकामाचा शह देऊन ते नुकसान तो एक-दोन चाली पुढे ढकलतो, म्हणजे ते त्याच्या नजरेपलीकडे जातं. त्याच्या हिशेबी नुकसान टळलेलं असतं. प्रत्यक्षात प्यादंही जातं आणि नंतर मोहरंही. हान्स बर्लिनर यांनी याला क्षितिज-परिणाम हे नाव दिलं. सरावात याची खूण अगदी सोपी आहे. शांत पटावर संगणक अचानक विचित्रपणे प्यादी देऊ लागला, तर थांबा आणि पट नीट बघा. तुमच्या बाजूने काहीतरी मोठं येतंय, कदाचित तुम्हालाही अजून न दिसलेलं.

स्कॉटलंडचे डेव्हिड लेव्ही यांनी हे सगळ्यांत आधी व्यवहारात आणलं. १९६८ मध्ये त्यांनी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांच्याशी पैज लावली की दहा वर्षांत कोणताही प्रोग्रॅम मला सामन्यात हरवू शकणार नाही. १९७८ मध्ये टोरांटोत त्यांच्यासमोर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात तयार झालेला चेस ४.७ बसला आणि लेव्ही साडेतीन-दीड असे जिंकले. त्यांचं धोरण असं सांगितलं जातं: काहीच करायचं नाही, पण ते नीट करायचं. ऐकायला गंमत वाटते, पण यात आळस अजिबात नाही. समोरच्याला मारायला काही मिळू द्यायचं नाही, आपली मोहरी हळूहळू चांगल्या घरांवर आणायची आणि धोरण नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःची जागा स्वतः बिघडवू द्यायची. त्या सामन्यात लेव्ही एक डाव हरले. तो चौथा डाव, आणि त्यात त्यांनी लाटव्हियन गँबिटसारखं धारदार ओपनिंग (डावाच्या पहिल्या काही चालींची ठरलेली पद्धत) खेळून पाहिलं होतं.

पहिली पायरी: एकच रचना शिका

नवख्याने दहा ओपनिंग पाठ करू नयेत. स्टोनवॉल ही एक रचना घ्या, कारण ती पांढऱ्याने आणि काळ्याने दोन्ही बाजूंनी खेळता येते. पांढऱ्याकडून प्यादी डी४, ई३, एफ४ आणि सी३ वर. पांढऱ्या घरांचा उंट डी३ वर, एक घोडा एफ३ वर, दुसरा डी२ वर, आणि राजाच्या बाजूला किल्लेकोट. काळ्याकडून हेच आरशात बघावं तसं: डी५, ई६, एफ५, सी६.

या भिंतीत एक घोडा ई५ वर नेऊन बसवायचा. डी४ आणि एफ४ ही दोन्ही प्यादी त्याला आधार देतात. काळ्याने तो घोडा मारला की एफ-प्याद्याने परत मारा. तुमचं प्यादं ई५ वर येतं, एफ६ वरचा काळा घोडा हुसकला जातो आणि तुमच्या हत्तीला एफ-स्तंभ मोकळा मिळतो. मग हत्ती एफ३ वरून एच३ वर, वजीर एच५ कडे, डी३ वरचा उंट एच७ वर रोखलेला. या हल्ल्यात पहिल्या सात-आठ चाली कोणालाच धोका नसतो, म्हणून उथळ बघणाऱ्या प्रोग्रॅमला त्याची चाहूल लागत नाही. चाहूल लागते तेव्हा त्याचे घोडे वजिराच्या बाजूला अडकलेले असतात.

या रचनेची दुखणीही आधीच सांगतो. ई४ हे घर कायमचं कमजोर होतं, कारण तिथे आलेल्या काळ्या घोड्याला हुसकवायला प्यादं उरत नाही. सी१ वरचा उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. आणि काळ्याने लवकर उंट एफ५ वर आणून तुमच्या डी३ च्या उंटाशी अदलाबदल केली, तर हल्ल्याचा जीवच जातो. म्हणून तो उंट बाहेर दिसला की स्टोनवॉलचा हट्ट सोडा आणि साधं खेळा. काळा जी६ खेळून उंट जी७ वर बसवत असेल तेव्हाही एच७ वरचा हल्ला बोथट होतो.

दुसरी पायरी: प्याद्याला प्यादं भिडलं की पुढे ढकला

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या.

दोन प्यादी एकमेकांना मारू शकतील अशी उभी राहिली की तीन पर्याय असतात: मारणं, तसंच ठेवणं, किंवा आपलं प्यादं शेजारून पुढे ढकलून ती जागा कायमची बंद करणं. उघड्या पटावर खेळायची सवय असलेला माणूस मारतो. संगणकाविरुद्ध मात्र पुढे ढकलायची सवय लावायची. पण कुठेही ढकलून चालत नाही. बंद केल्यानंतर तुमच्याकडे कोणत्या बाजूला काम उरतं आणि त्याच्याकडे कोणत्या बाजूला, हे आधी बघायचं. प्याद्यांची साखळी ज्या दिशेने पुढे जाते, त्या बाजूला साधारण आपली जागा जास्त असते आणि खेळ तिकडेच करायचा असतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण २००३ च्या नोव्हेंबरमधलं, न्यूयॉर्कचं. गॅरी कास्पारॉव्ह विरुद्ध एक्सथ्रीडी फ्रिट्झ हा प्रोग्रॅम, तिसरा डाव. कास्पारॉव्ह त्रिमितीय चष्मा लावून पडद्यावरच्या पटाकडे बघत होते आणि चाल तोंडाने सांगत होते. पट समोर मांडा आणि पहिल्या बारा चाली स्वतः करून बघा, पांढरा आधी:

घोडा एफ३, घोडा एफ६. सी४, ई६. घोडा सी३, डी५. डी४, सी६. ई३, ए६. सी५, घोडा बीवरून डी७. बी४, ए५. बी५, ई५. वजीर ए४, वजीर सी७. उंट ए३, ई४. घोडा डी२, उंट ई७. बी६, वजीर डी८.

आता पट बघा. बी६ समोर बी७, सी५ समोर सी६, डी४ समोर डी५, ई३ समोर ई४. चार जोड्या नाकाला नाक लावून उभ्या आहेत आणि कोणीच कोणाला मारू शकत नाही. पांढऱ्याची साखळी वजिराच्या बाजूला चढत गेली आहे, म्हणजे त्याचं काम तिकडे. काळ्याची साखळी राजाच्या बाजूला उतरत आली आहे, म्हणजे त्याने एफ-प्यादं पुढे काढून पांढऱ्या राजावर चाल करायला हवी होती. क्लबातला कोणताही बऱ्यापैकी खेळाडू हे सांगेल. फ्रिट्झने संपूर्ण डावात एफ-प्यादं हलवलंच नाही. चौदाव्या चालीला त्याचा उंट डी६ वर गेला, पंधराव्याला ई७ वर परत आला. सोळाव्या चालीला कास्पारॉव्हने ए५ वरचं प्यादं मारलं.

पुढचा भाग मी पुन्हा पुन्हा बघतो तो राजासाठी. कास्पारॉव्हने किल्लेकोट केलाच नाही. तेविसाव्या चालीला राजा डी१ वर गेला, मग सी१, मग बी२, आणि तेहेतिसाव्या चालीला ए१ च्या कोपऱ्यात. चार चाली राजाच्या फेरफटक्यात घालवल्या, कारण पट बंद होता आणि समोरच्याकडे काहीच बेत नव्हता. दरम्यान ए-प्यादं ए४, ए५, ए६ असं चढलं. काळ्याने ते मारल्यावर घोडे त्या मोकळ्या झालेल्या भागात शिरले. त्रेचाळिसाव्या चालीला ए६ वरचं प्यादं पडलं आणि पंचेचाळिसाव्या चालीला काळ्याने डाव सोडला. सगळा वेळ काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट सगळं होतं. त्यांना जायला वाट नव्हती.

सरावासाठी ही बाराव्या चालीनंतरची स्थिती तुमच्या प्रोग्रॅममध्ये मांडा आणि पांढऱ्याने खेळा. एकदा नाही, दहा वेळा. पहिल्या दोन-तीन डावांत घाई होते, एखादं प्यादं उगाच मारलं जातं आणि पट उघडतो. चौथ्या-पाचव्या डावापासून हात थांबायला शिकतो. मग बाजू बदला, काळ्याने एफ-प्यादं पुढे काढून खेळा आणि तो काय करतो ते बघा.

तिसरी पायरी: प्रत्येक चालीआधी एकच प्रश्न

पट बंद केला म्हणून झोप काढून चालत नाही. बंद पटातही एखादं मोहरं बिनआधाराचं राहिलं की संगणक ते क्षणात पकडतो. चाल करण्याआधी विचारा: या चालीनंतर तो मला काय मारू शकतो, कुठे शह देऊ शकतो? उत्तर ‘काही नाही’ असेल तरच हात पुढे करा. तुमची चाल हुशार असण्याची गरज नाही, ती भक्कम असावी. सगळी मोहरी एकमेकांच्या आधाराला असलेली बरी, आणि राजासमोरची प्यादी कारणाशिवाय हलवू नका.

व्लादिमिर क्रामनिक यांचा बहारीनचा सामना याच कारणासाठी अभ्यासावा. २००२ साली डीप फ्रिट्झविरुद्ध आठ डाव होते. क्रामनिकने लवकर वजिरा-वजिरी केली, म्हणजे वजिरांची अदलाबदल, शांत एंडगेम (थोडी मोहरी उरलेले डावाचे शेवटचे टप्पे) निवडले, आणि चार डावांनंतर ते तीन-एक पुढे होते. पाचव्या डावात एक साधी चूक झाली. सहाव्या डावात त्यांनी एफ७ वर घोडा देऊन सुंदर हल्ला करायचा प्रयत्न केला, फ्रिट्झने एकेक करून सगळे शह परतवले आणि तोही डाव गेला. सामना चार-चार असा बरोबरीत सुटला. जगज्जेत्यालाही तो मोह आवरला नाही, मग नवख्याला होणारच. घोडा देऊन हल्ला करावासा वाटला की आधी स्वतःला विचारा, हा हल्ला चार चालींत संपणार आहे का? संपणार असेल तर त्याचं उत्तर समोरच्याला आधीच माहीत आहे.

वजिरा-वजिरी करावी का, हा प्रश्न नेहमी येतो. वजीर गेल्यावर अचानक मात होण्याचा धोका कमी होतो आणि एंडगेमचे बेत लांब पल्ल्याचे असतात, म्हणून उथळ प्रोग्रॅमविरुद्ध ती फायद्याची ठरते. पण मोहरी फार कमी उरली की त्याला पुन्हा सगळं दिसू लागतं, आणि पाच-सहा मोहरी उरल्यावर तर काही प्रोग्रॅमकडे तयार उत्तरांचे तक्तेच असतात. वजीर काढा, प्यादी मात्र राहू द्या.

चौथी पायरी: त्याच्या बेरजेचा फायदा घ्या

जुना प्रोग्रॅम मोहऱ्यांची किंमत ठामपणे धरतो. हत्ती पाच, घोडा-उंट तीन-तीन. पण बंद पटात कोंडलेला हत्ती पाचाचा नसतो, कधीकधी एकाचाही नसतो. म्हणून हत्ती देऊन चांगला उंट किंवा घोडा घेणं आणि त्या बदल्यात भिंत कायमची बंद करणं हा मोठा मार्ग आहे. प्रोग्रॅमला वाटतं आपण पुढे आहोत, आणि पुढे असलेल्याला बरोबरी नको असते.

हिकारू नाकामुराने २००८ मध्ये इंटरनेटवरच्या तीन मिनिटांच्या डावात रिब्का या त्या काळच्या अव्वल प्रोग्रॅमला असंच पकडलं. पट पूर्ण जाम होता, मोहऱ्यांच्या हिशेबात रिब्का पुढे होता आणि दोघे नुसते पुढे-मागे करत होते. नियम असा आहे की सलग पन्नास चालींत कोणी प्यादं हलवलं नाही आणि काही मारलं नाही, तर बरोबरी मागता येते. ती मर्यादा जवळ आल्यावर, आपण जिंकतोय अशा हिशेबात असलेल्या रिब्काने बरोबरी टाळण्यासाठी स्वतःचीच रचना उघडली. नाकामुरा २७१ चालींनी जिंकला. तुमच्या सरावात हे मुद्दाम करून बघा: पट जाम झाला, त्याचा आकडा त्याच्या बाजूने असला, की घाई न करता एकच मोहरं पुढे-मागे करत राहा आणि चाली मोजा. चाळिशी ओलांडली की लक्ष वाढवा.

हरत असाल तेव्हा याच आंधळेपणातून गढी बांधता येते, म्हणजे जास्त मोहरी असूनही समोरच्याला आत शिरता येणार नाही अशी रचना. २०१७ मध्ये रॉजर पेनरोज यांच्या संस्थेने एक कोडं मांडलं होतं. तेही पटावर मांडा. पांढरा: राजा ई२, प्यादी ए२, बी३, सी४, सी६. काळा: राजा ए६, वजीर ए५, हत्ती ए४ आणि बी५, तीन उंट ई५, एफ४, जी३, प्यादी ए३, बी४, सी५, बी६, ए७. चाल पांढऱ्याची. तेव्हाचे प्रोग्रॅम काळा भरभक्कम जिंकतोय असं सांगायचे. नीट बघा. वजीर आणि दोन्ही हत्ती स्वतःच्याच माणसांत गाडले गेले आहेत, राजालाही घर नाही. हलू शकतात ते फक्त तीन उंट, आणि तिन्ही काळ्या घरांवरचे. पांढऱ्याने राजा पांढऱ्या घरांवर फिरवत ठेवला की त्याला कधी शहसुद्धा बसत नाही. एकच पथ्य: समोर दिसणारा हत्ती मारायचा नाही. बी-प्याद्याने ए४ किंवा सी-प्याद्याने बी५ घेतलं की भिंत फुटते आणि वजीर सुटतो. फुकट मिळणारा हत्ती न घेणं म्हणजे काय, ते या एका स्थितीत बोटांना कळतं.

वेळ किती ठेवावा

जास्त ठेवा. विश्वनाथन आनंद १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया इथे रेबेल १० शी खेळले. एकूण सामना पाच-तीन असा रेबेलकडे गेला. पण तो गेला पाच आणि पंधरा मिनिटांच्या डावांत. स्पर्धेच्या वेळेचे जे दोन डाव झाले, त्यांत आनंद दीड-अर्धा असे पुढे राहिले. आनंदसारख्या अतिशय झपाट्याने खेळणाऱ्या माणसाचीही ही गत, तर आपण तीन मिनिटांत संगणकाशी खेळण्यात अर्थ नाही. नाकामुराचं उदाहरण अपवाद समजा. निदान तासभर स्वतःला द्या आणि त्याला मात्र खोली ८ वरच बांधून ठेवा.

एकच प्रोग्रॅम, एकच आवृत्ती धरून ठेवा. बहारीनच्या सामन्याआधी क्रामनिकला फ्रिट्झ सरावासाठी मिळाला होता. त्याचं महत्त्व असं की त्याच स्थितीत, त्याच खोलीला असा प्रोग्रॅम पुष्कळदा तीच चाल करतो. एकदा सापडलेली फट तुम्ही पुन्हा तपासू शकता, आणि ती खरंच धोरणाची फट होती की नुसतं नशीब, हेही कळतं.

हे कुठे चालत नाही

फिलाडेल्फियात १९९६ मध्ये कास्पारॉव्ह आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाविरुद्ध पहिला डाव हरूनही सामना चार-दोन जिंकले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी स्थिती बघत होता आणि कास्पारॉव्ह स्वतःचा नेहमीचा खेळ सोडून मुद्दाम संगणकविरोधी खेळले. पहिला डाव जिंकले. तिसऱ्यात तर पहिली चाल डी३ केली, जी एरवी त्यांनी केली नसती. पण दुसऱ्या डावात डीप ब्लूनेच शांतपणे गळा आवळला आणि शेवटच्या सहाव्या डावात कास्पारॉव्ह वीस चालींच्या आत संपले. मला यातून एक गोष्ट पक्की वाटते. जी रचना तुम्हाला स्वतःला आवडत नाही, समजत नाही, ती केवळ संगणकाला आवडत नाही म्हणून खेळू नका. स्टोनवॉल अंगवळणी पडत नसेल तर फ्रेंच डिफेन्स या काळ्याच्या ओपनिंगची बंद साखळी घ्या, पण एक काहीतरी स्वतःचं करा.

नंतर दरवाजा झपाट्याने बंद झाला. २००५ मध्ये लंडनला मायकेल अ‍ॅडम्स हायड्रा या संगणकाकडून साडेपाच-अर्धा असे हरले. २००६ मध्ये बॉनला क्रामनिक डीप फ्रिट्झविरुद्ध एका चालीची मात बघायला विसरले आणि सामना चार-दोन गेला. आजच्या स्टॉकफिशला पूर्ण ताकदीवर, सरळ डावात, या लेखातली कोणतीही युक्ती हरवणार नाही. तशी अपेक्षा ठेवून बसलात तर निराश व्हाल. पण यंत्राची नजर सगळीकडे पोचते असंही नाही. २०२३ मध्ये केलिन पेलरिन या अमेरिकन खेळाडूने गो या खेळात काटागोसारख्या अतिबलवान प्रोग्रॅमला पंधरापैकी चौदा डावांत हरवलं. त्याच्या सोंगट्यांच्या एका गटाभोवती हळूहळू वर्तुळ आवळत जाणं, एवढाच तो डाव होता. ती फट दुसऱ्या एका प्रोग्रॅमने शोधून दिली होती, वापरली मात्र माणसाने, पटासमोर एकट्याने.

सरावाची वही

प्रत्येक डाव जपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमच्या आकड्यांचा आलेख बघा. बंद पट जमला असेल तर आलेख बराच वेळ आडवा दिसतो आणि मग एकदम तुमच्या बाजूला चढतो. तो चढायच्या दहा चाली आधी तुम्ही काय केलं होतं, ते वहीत एका ओळीत लिहा: कोणतं प्यादं ढकललं, कोणतं मारायचं टाळलं. आलेख एकदम खाली कोसळला असेल तर त्याआधीची तुमची शेवटची मारामारी शोधा. बहुतेक वेळा एक प्यादं सापडेल, जे मारलं नसतं तरी चाललं असतं. त्या चालीवर परत जा, या वेळी ते पुढे ढकला आणि तिथून डाव पुन्हा खेळा.